पंधरा नंबरचं पान

धाकट्याचं काम काय, हे त्याच्या घरात कोणाला कधी धड समजलं नाही. आई शेजारणीला सांगायची, "आमचा धाकटा दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसतो." शेजारीण बिचारी समजायची, पोरगं वाया गेलं. पण खरं सांगायचं तर आईइतकं नेमकं कोणीच सांगितलं नव्हतं. लोकांच्या वेबसाइट उभ्या करायच्या, होस्टिंग कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरायचं आणि एका मुख्य पत्त्याखाली हवे तेवढे पोटपत्ते काढून द्यायचे, हाच त्याचा धंदा. या पोटपत्त्यांना सबडोमेन म्हणतात. मुख्य पत्ता म्हणजे इमारत समजा आणि सबडोमेन म्हणजे तिच्यातल्या खोल्या. प्रत्येक खोलीला वेगळं नाव, वेगळं दार आणि मशीनवर वेगळं फोल्डर, ज्यात त्या खोलीचं सामान राहतं. फोल्डरच नसेल तर दार उघडून आत काही दिसायचा प्रश्न येत नाही.

आईला ठेवलं होतं त्या वृद्धनिवासाला तर खरोखरच चौदा खोल्या होत्या. जुनी इमारत, लांबलचक बोळ, फिक्या हिरव्या भिंती, फिनेलचा वास. बोळाच्या टोकाला चौदा नंबर, तो आईचा. चौदाच्या पुढे भिंत.

खोल्यांची पानं करायची कल्पना धाकट्याचीच. लांबच्या नातेवाइकांनी रोज फोन करून सिस्टरला पिडण्यापेक्षा प्रत्येक खोलीचं एक पान असावं, सिस्टरने दुपारचा चहा झाला की टॅबवर चार ओळी भराव्यात: खाणं, झोप, चालणं, बोलणं. घरच्यांनी जगात कुठूनही वाचावं. धाकट्याची ताई दुसऱ्या देशात होती, तिची तर सोयच झाली. ती रोज वाचायची आणि मग फोन करून धाकट्यालाच उलट खबर द्यायची, "आज अर्धीच वाटी सूप घेतलं बरं का रे." हा आईपासून बसने चाळीस मिनिटांवर, आणि बातम्या सातासमुद्रापलीकडून.

हे सगळं करताना त्याने एक आळस केला. प्रत्येक पोटपत्ता काढला की तो कुठे सापडेल याची वेगळी नोंद करावी लागते. चौदा खोल्यांच्या चौदा नोंदी कोण करत बसणार? त्याने एकच नोंद केली, नावाच्या जागी नुसता तारा टाकून. तारा म्हणजे काहीही. आधी कुठलंही नाव येवो, त्याला इकडेच पाठवा. या धंद्यातले निम्मे लोक असंच करतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. फक्त एक होतं. जी खोली नाही, तिचीही वाट आता तिथवर येत होती.

आता त्याने ही पानं केली ती काही समाजसेवा म्हणून नाही. त्याच्याच्याने तिथे रोज जाववत नव्हतं. घरी आई दोनदा गॅस चालू ठेवून झोपली होती, एकदा पायात चपला न घालता चौकापर्यंत गेली होती. ते सगळं खरं. पण तिला तिथे नेताना तो म्हणाला होता, "आई, बाथरूमचं काम निघालंय. चारच दिवस." कसलं काम आणि कसलं काय. ती निमूट रिक्षात बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. त्याला आठ महिने झाले. आणि गेले तीन महिने ती त्याला ओळखत नव्हती. तो समोर बसला की त्याच्यामागच्या खिडकीकडे बघायची. त्याला आता मोठं काही नको होतं. तिने एकदा, एकदाच ओळखावं, म्हणजे तिच्या तोंडावर खरं सांगून माफी मागता येईल. माणसाला जिवंत माणसाची माफी मागायची असते. फोटोपुढे काय, कोणीही बोलतं.

दर महिन्याच्या एक तारखेला तो पॅनेलमधली यादी नजरेखालून घालायचा. डावीकडे नाव, उजवीकडे त्याचं फोल्डर. त्या दिवशी सकाळी त्याने यादी उघडली तर तिच्यात पंधरा ओळी होत्या.

शेवटची ओळ: खोली पंधरा. उजवीकडचा रकाना कोरा.

'आपणच कधीतरी झोपेत केलं असेल,' असं म्हणत त्याने ती काढून टाकली. यादी चौदावर आली. चहा घेऊन परत बसला तर पुन्हा पंधरा. तेव्हा मात्र तो जरा सरसावून बसला. पॅनेल असा रकाना कोरा सोडतच नाही. फोल्डरचं नाव दिलं नाही तर आपल्या मनाने भरतं. पासवर्ड बदलून झाला, कोण कधी आत शिरलं याची नोंद पाहून झाली. त्याच्याशिवाय कोणी शिरलं नव्हतं. होस्टिंग कंपनीच्या मदतनिसाला त्याने लिहिलं. उत्तर आलं, "आमच्याकडून चौदाच दिसतात सर. आपण ब्राउझर बदलून पाहिलात का?" हे लोक घराला आग लागली तरी विचारतील, ब्राउझर बदलून पाहिलात का.

मग त्याने ते पान उघडलं.

पान नेहमीसारखंच होतं. त्यानेच निवडलेला रंग, त्याच चार ओळी. सगळ्यात खाली पहिली नोंद, तीन महिन्यांपूर्वीची. "आजी आज आल्या. सामान थोडं आहे. बाकीचं येईल म्हणाल्या."

तारीख त्याच्या चांगली लक्षात होती. त्याच दिवशी तो आईला संत्री सोलून देत होता आणि तिने सिस्टरला विचारलं होतं, हे गृहस्थ कोण?

तो वर वर सरकत गेला. "चालणं: खिडकीपर्यंत, काठीशिवाय." "बोलणं: भरपूर. थोरलीच्या शाळेच्या गमती सांगितल्या." "चष्मा मिळाला. आता पेपर वाचतात." आईचा चष्मा तीन आठवड्यांपूर्वी हरवला होता. सिस्टरने गादी उलटी केली होती, कपाट ओढून पाहिलं होतं. आणि सगळ्यात वरची, कालची नोंद: "बोलणं: धाकट्याने मिशी काढली, सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो म्हणाल्या. खूप हसल्या."

मिशी त्याने परवा काढली होती. काल तो आईसमोर तासभर बसून आला होता. तिने त्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

धाकटा तसा भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. त्याने पहिली शंका सिस्टरवर घेतली आणि दुपारी तडक तिकडे गेला. सिस्टर पन्नाशीची, कमी बोलणारी, पायात पांढरे कापडी बूट. तिने त्याचा फोन हातात घेऊन ते पान बराच वेळ वाचलं.

"हे मी नाही लिहिलं, दादा."

"मग कोण लिहितं? टॅब तुमच्याकडेच असतो."

"माझ्याकडेच असतो." तिने फोन परत दिला, पालथा करून. "पंधरा नंबर आपल्याकडे नाही. तुम्ही पाहताय ना, पुढे भिंत आहे."

"तेच विचारतोय मी."

सिस्टर घुटमळली. "एक सांगू? रागावू नका. आजींच्या वस्तू जातात. चष्मा गेला, शाल गेली, फणी गेली. कामवाल्या बाईवर मी उगाच तोंड टाकलं. पण वस्तूंचं जाऊ द्या." तिने आवाज खाली आणला. "ज्या दिवशी वस्तू जाते ना, त्या दिवशी आजींचंही काहीतरी जातं. शाल गेली त्या दिवसापासून उभं राहता येत नाही. फणी गेली आणि माझं नाव गेलं."

तो आत जाऊन आईपाशी बसला. आई लहान दिसत होती. त्याने तिचा हात हातात घेतला, तो नुसता हातात राहिला. संध्याकाळी पंधराच्या पानावर नोंद आली: "धाकट्याची दिवसभर वाट पाहिली. आला नाही. त्याला काम असेल म्हणाल्या."

हे वाचून तो बसच्या थांब्यावरच खाली बसला. कोणी बघतंय की नाही याची त्याला शुद्ध नव्हती, ढसाढसा रडला.

ताईला सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण असल्या गोष्टी पोटात राहतात थोड्याच? दुसऱ्या दिवशी सांगून मोकळा झाला. त्याला वाटलं, ताई घाबरेल, निदान वेड्यात तरी काढेल. ताईने पान उघडलं आणि ती रडत रडत हसायलाच लागली.

"अरे, आई बरी आहे की! बटाट्यासारखा म्हणे. हे तिच्याशिवाय कोण बोलेल?"

"ताई, ऐक. ती इथे माझ्यासमोर आहे. ती बोलत नाही, चालत नाही. इथलं जेवढं कमी होतंय, तेवढं तिकडे वाढतंय. कळतंय का तुला?"

"मला कळतंय की एका ठिकाणी आई भिंतीसारखी पडून आहे आणि एका ठिकाणी पेपर वाचतेय. मी कुठलं पान वाचू, सांग."

"आणि मी कुठल्या खोलीत जाऊ?"

 ताई एवढंच म्हणाली, "ते पान काढू नकोस हं, धाकट्या. शपथ आहे माझी." त्या दिवसापासून ताईने चौदाचं पान उघडणं सोडलं.

धाकट्याने चौदा सोडलं नाही. काम बाजूला टाकून तो आता रोज जाऊ लागला, लॅपटॉप घेऊन तिथेच बसू लागला. रोज तेच. तो आईशेजारी दिवसभर बसे, आणि संध्याकाळी पंधरावर नोंद येई: वाट पाहिली. आला नाही. एकदा तर लिहिलं होतं, "चार दिवस झाले की नेणार होता म्हणाल्या. बोटांवर मोजतात. चारच्या पुढे मोजत नाहीत." त्याने त्या पानावर उत्तर लिहून पाहिलं. आई, मी इथेच आहे. लिहिलेलं साठवलं जात होतं आणि पान उघडलं की दिसत नव्हतं. त्याने भिंतीवर हात फिरवून पाहिला, इमारतीला बाहेरून चक्कर मारली. भिंतीपलीकडे नुसती मोकळी जागा होती आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या.

आईचं खाणं बंद झालं. डॉक्टर आले, नाडी धरून उभे राहिले. म्हणाले, "आता जवळच राहा."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं त्याला तेव्हा सुचलं. पॅनेलमध्ये एक सोय असते. एक पत्ता दुसऱ्याकडे वळवता येतो, म्हणजे पहिल्या दारातून शिरणारा आपोआप दुसऱ्या खोलीत निघतो. पंधरा चौदाकडे वळवायचं. तिकडचं सगळं इकडे. बुद्धीला पटत नव्हतं, पण बुद्धीला आता विचारतंय कोण? पंधरावर शालीपासून शब्दांपर्यंत सगळं गेलं होतं. गेलेलं यायला काहीतरी वाट असलीच पाहिजे. आणि पाच मिनिटं जरी ती परत आली, तरी त्याला जे सांगायचं होतं त्याला पाच मिनिटं पुष्कळ होती.

भर दुपार होती. खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं. त्याने मांडीवर लॅपटॉप घेतला, डाव्या हातात आईचा हात. यादी उघडली. ओळीवर गेलं की वळवण्याचं बटण दिसतं, ते दाबलं की एक चौकट येते: कुठे पाठवायचं? त्याने नंबर टाकला, साठवलं. हिरव्या पट्टीवर अक्षरं आली, काम झालं.

आईने डोळे उघडले.

ती त्याच्याकडे बघत होती. खिडकीकडे नाही. त्याच्याकडे, त्याच्या तोंडाकडे, मिशीच्या जागेकडे. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

"आई," तो म्हणाला, "बाथरूमचं काम नव्हतं गं. मी खोटं बोललो होतो."

ती ऐकत होती, असं त्याला वाटलं. मग तिच्या डोळ्यांतली नजर हळूहळू मागे मागे सरकत गेली, पाठमोरं माणूस बोळातून लांब जावं तशी. हातातला हात जड झाला.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं.

आठ महिने त्याचा हात यादीत एकाच ओळीवर जात होता. आईची ओळ, चौदा. आजही हात सवयीने तिथेच गेला होता. त्याने चौदाच्या ओळीवरून चौकट उघडली होती आणि विचार करून करून, नीट नजर ठेवून, तिच्यात पंधरा टाकलं होतं.

पंधरा इकडे आलं नव्हतं. चौदा तिकडे गेलं होतं.

त्याने घाईघाईने ते रद्द केलं. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी हिरवी पट्टी आली, काम झालं. सिस्टर आत आली, तिने आईच्या मानेवर दोन बोटं ठेवली, मग लॅपटॉप त्याच्या मांडीवरून उचलून हळूच बंद केला.

डॉक्टरांनी लिहिलं, वय. त्याला कोणी दोष दिला नाही. त्यालाही आपला दोष कोणाला सांगता आला नाही. सांगणार काय, की मी चुकीच्या ओळीवर बटण दाबलं?

ताई आली, दोन दिवस राहिली, सगळं रीतसर केलं आणि गेली. विमानतळावर ती त्याच्या गळ्यात पडली, पण रडली नाही, आणि ते त्याला खटकलं. आठवड्याने तिचा फोन आला. आवाज अगदी रोजचा.

"आज आईने पूर्ण वाटी सूप घेतलं. वाचलंस ना?"

"ताई, आपण दोघांनी तिला पोचवलं. तू स्वतः होतीस."

"पोचवलं की," ताई म्हणाली. "कुठे पोचली, तेच वाचतेय."

मग तोही वाचू लागला. करतो काय? सकाळी उठलं की पंधरा, जेवताना पंधरा. आई आता चांगली चालत होती, सगळ्यांची नावं सांगत होती, खिडकीत बसून पेपर वाचत होती. जन्मात नव्हती एवढी ठणठणीत. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी तेच: धाकट्याची वाट पाहिली. आला नाही. ते पान काढून टाकायला त्याने चारदा बटणावर बोट नेलं. बोट दाबवलं नाही. एकदा तिला त्याने त्या बटणांनीच घालवलं होतं.

दिवस गेले. कामावरून त्याचं लक्ष उडालं, हे तर साहजिकच होतं. पण एका सकाळी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलता बोलता त्याला 'फोल्डर' हा शब्द सापडेना. वीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा उच्चारलेला शब्द. शब्द जिभेपर्यंत यायचा आणि मागच्या मागे निघून जायचा. गिऱ्हाईक "हॅलो, हॅलो" करत राहिलं. त्याच आठवड्यात घराच्या किल्ल्या गेल्या. मग रोजचा कप गेला. समोरच्या दुकानदाराने हाक मारली तेव्हा हा माणूस कोण, हे आठवायला त्याला जिना चढून घरी यावं लागलं.

एक तारखेला, सवयीने, त्याने यादी उघडली. मोजली. पुन्हा मोजली.

सोळा ओळी होत्या. शेवटच्या ओळीपुढचा रकाना कोरा.

सोळावं पान त्याने उघडलं नाही. त्याने पंधरा उघडलं. आजची नोंद येऊन पडली होती, नेहमीपेक्षा लवकर.

"खाणं: चांगलं. झोप: चांगली. चालणं: बोळात दोन फेऱ्या. बोलणं: आज धाकट्याची वाट पाहिली नाही. शेजारची खोली स्वतः उभं राहून झाडून घेतली. पलंगावर चादर घातली आणि उशी मऊ आहे ना, ते दोनदा दाबून पाहिलं."